मोठीआईच्या जाऊबाई

माझी मोठीआई कढीला फोडणी देता देता मोटरसायकलचा आजार सांगायची. बाहेर अंगणात मोठे बाबा किक मारत असायचे. गाडी दोनदा खोकायची, एकदा शिंकायची आणि गप्प बसायची. आतून, गॅसकडे तोंड ठेवूनच, मोठीआई हाक द्यायची, "प्लग ओला झाला जी! चोक बंद करा अन् तिले जराशी एकटी राहू द्या!" मोठे बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि आणखी किका मारायचे. घाम पुसायचे, पुन्हा मारायचे. शेवटी थकून पायरीवर बसायचे, म्हणजे गाडीला आपोआपच एकटं राहायला मिळायचं. मग उठून मारलेली पहिलीच किक लागायची. "पायलं का, केली न चालू," ते आत बघून सांगायचे. "हो जी, तुमीच केली," मोठीआई म्हणायची आणि कढीवर झाकण ठेवायची.

मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. भंडाऱ्याकडच्या आमच्या घरांमध्ये तिला काकू म्हणत नाहीत, मोठीआईच म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला मोठे बाबा. मोठे बाबा शेतीवाडी भावकीवर सोडून भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, ते क्रेन चालवायला. उकळत्या लोखंडाने भरलेली घराएवढी बादली हा माणूस थेंब न सांडता या टोकापासून त्या टोकाला न्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन एका मोटरसायकलपुढे हात टेकायचा. माझे वडील रेल्वेत होते. दुर्ग लाइनवरच्या लहानसहान स्टेशनांवर त्यांची बदली होत राहायची, म्हणून कॉलेजसाठी मला भिलाईतच, रुआबांध्याच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये ठेवलं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मी आले आणि मोठीआईला बोलायला माणूस मिळालं. तोवर ती गाडीशी बोलायची.

गाडी जुनी होती. दोन स्ट्रोकची, मागे निळा धूर सोडणारी. बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाकडून मोठ्या बाबांनी ती घेतली तेव्हाच तिच्या टाकीवरचं कंपनीचं नाव उडून गेलेलं होतं. मोठीआईने तिला स्वतःच नाव दिलं, जाऊबाई. "घरात राह्यते, काम कमी करते, आवाज मोठा करते, अन् कोनाच्या लग्नाले जायचं म्हटलं की नेमकी रुसते," असं ती जाऊबाईचं वर्णन करायची. आता तिची खरी जाऊ म्हणजे माझी आई. आई सुट्टीत आली की सकाळी सकाळी अंगणातून आवाज यायचा, "आज जाऊबाईच्या पोटात गॅस झाला वाटते, लाथ घाला जी तिले," आणि आत माझ्या आईच्या हातातला कप तसाच थांबायचा.

"बाई, त्या भंगाराले माह्यं नाव कावून देता वो?" आई विचारायची.

"तुह्यं नाव कुठी देलं? तू वर्षातून दोनदा येतं. हे रोजची होय," मोठीआई शांतपणे सांगायची. 

मोठीआईला ही विद्या आली ती एका अपघातातून. किक मारताना गाडीने उलटा झटका दिला आणि मोठ्या बाबांचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर लागलं. प्लांटला रजा, घरात बसणं, आणि समोर उभी असलेली गाडी गंजणार ही काळजी. मग ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवायचे आणि मोठीआईला हुकूम सोडायचे. तो पाना घे. तो नट खोल. तो नव्हे, त्याच्या बाजूचा. मोठीआई पदर खोचून खाली बसायची. सुरुवातीला ती फक्त हात होती आणि डोकं खुर्चीत होतं. पण प्लास्टर निघायच्या आधीच डोकंही खाली उतरून आलं. एक दिवस मोठे बाबा दुपारची झोप काढून उठले तर अंगणात वर्तमानपत्रावर पोह्यांच्या बशा मांडलेल्या, आणि प्रत्येक बशीत कार्ब्युरेटरचा एकेक भाग. ते घाबरून ओरडले. मोठीआई जेटच्या बारीक भोकातून आकाश बघत होती. "ओरडता कायले? सयपाकापेक्षा सोपं हाये," ती म्हणाली. "याच्यात मीठ त नाही पडत."

त्या बशा पुन्हा पोह्यांसाठी वापरल्या गेल्या. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी पोह्यांना येणाऱ्या वासाबद्दल कधी काही विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

तिची पद्धत साधी होती आणि ती मोठ्याने सांगायची, भाजी निवडावी तशी. "पेट्रोल येते का, करंट येते का, हवा येते का. या तिघांच्या पल्याड दुःख नाही. अन् आधी सोपं पायायचं." आधी सोपं पाहायचं, हे ती इतक्यांदा म्हणायची की मला परीक्षेच्या पेपरातसुद्धा तिचा आवाज ऐकू यायचा. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तिवारीजी राहत. तब्येतीने भारी आणि स्वभावाने त्याहून भारी. एका सकाळी त्यांची गाडी सुरू होईना. ते किक मारत होते, मोठीआई खिडकीत उभी राहून तांदूळ निवडत होती. तिला दिसत होतं की पेट्रोलचा कॉक बंदच आहे. मी म्हटलं, "सांग न त्यांना." ती म्हणाली, "सांगतो न. डॉक्टरनं त्यांले व्यायाम सांगितला हाये, त्यांची बायको सांगत होती. होऊ दे थोडा." तांदूळ निवडून झाले, तेव्हा ती खिडकीतून गोड आवाजात म्हणाली, "भाईसाहब, जरा कॉक देख लीजिए." तिवारीजींनी कॉक फिरवला, गाडी सुरू झाली, आणि ते तिला देवीला जोडावेत तसे हात जोडून गेले.

पण ज्याला दुरुस्त करता येतं त्याला बिघडवताही येतं, ही गोष्ट मोठ्या बाबांच्या लक्षात यायला पाहिजे होती. रविवारी त्यांचा पत्त्यांचा अड्डा असायचा, भिलाईजवळच्या उतईला, मानकर काकांकडे. मानकर काका हे प्लांटमधले त्यांचे जुने दोस्त, उतईला स्वतःचं घर बांधून राहिलेले. उन्हाळ्यातला रविवार, कूलर कोरडा, घरात पाणी भरायचं पडलेलं, आणि मोठे बाबा केसांना तेल लावून निघालेले. गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. मग ते आत यायचे. "आइकतं का, पाय न जरा."

"पायतो न. तवरीक कूलरमंधी पाणी भरता का?"

कूलर भरला जायचा. मग मोठीआई बाहेर जायची, इकडे तिकडे हात लावायची, कपाळाला आठ्या घालायची आणि शेवटी प्लगची टोपी नुसती बोटाने दाबायची. ती टोपी सकाळी तिनेच ढिली केलेली असायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ लाडू खाल्ले.

उतईच्या रस्त्यावरच्या भुताची गोष्ट याच दिवसांतली. जाऊबाईला रंग देऊन आणला होता, टाकी एकदम लालभडक. आणि त्या आठवड्यापासून एक नवीनच दुखणं लागलं. गाडी घरून नीट निघायची आणि उतईच्या अलीकडे, एका मोठ्या पिंपळाच्या आसपास येऊन मरायची. थोडा वेळ उभी ठेवली, वर टाकीत पेट्रोल किती आहे म्हणून झाकण उघडून पाहिलं, की पुन्हा चालायची. मेकॅनिकने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर धुऊन दिला. गाडी पिंपळापाशी थांबायची ती थांबायचीच. मानकर काका भाविक माणूस. ते म्हणाले, "त्या झाडाखाली कोनीतरी हाये. मले तं आधीपासूनच शंका होती."

मोठीआई म्हणाली, "मले भेटवा त्याले." आणि पुढच्या रविवारी मागे बसून गेली. नंतर तिने ती हकीकत मला इतक्यांदा सांगितली की मीच तिथे होते असं मला वाटतं. पिंपळ आला, गाडीने मान टाकली. मोठीआई उतरली, प्लग काढून इंजिनाला टेकवला, मोठ्या बाबांना किक मारायला लावली. ठिणगी लख्ख. मग पेट्रोलची नळी काढून पाहिली. थेंब, थेंब, आणि बंद. टाकी तर भरलेली. तिने टाकीचं झाकण फिरवलं आणि आतून आवाज आला, फुस्स. आणि खाली नळीतून पेट्रोलची धार लागली.

"तेलाचा पिपा होय हा," ती मोठ्या बाबांना म्हणाली. "पिप्याले एकच भोक पाडलं त तेल येते का? हवा जायले दुसरं पाडावं लागते." टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं आणि रंगवणाऱ्याने ते रंगाने बुजवून टाकलं होतं. पेट्रोल खाली जायचं, वरून हवा यायची नाही, आणि ठराविक अंतर गेलं की गाडीचा श्वास कोंडायचा. ते अंतर त्या पिंपळापर्यंतचं होतं, एवढाच त्या भुताचा पत्ता. तिने साडीची पिन घालून भोक मोकळं केलं. पण मानकर काकांकडे पोचल्यावर तिने काय सांगितलं? तिने गंभीर चेहरा करून सांगितलं, "तुमी म्हणत होते थे खरं हाये भाऊजी. मी नारळ कबूल केला, तवा सोडलं." मानकर काका त्यानंतर त्या झाडावरून जाताना कायम हॉर्न वाजवून जायचे. मोठे बाबा तिला म्हणाले, सांगून टाक बिचाऱ्याला. ती म्हणाली, "राहू द्या जी. त्या भुताले तरी कोनी मान देते."

माणसांबद्दल तिचा एक सिद्धांत होता. माणूस कसा आहे हे त्याची गाडी चालू असताना कळत नाही, असं ती म्हणायची. "बंद पडू दे. मंग पाय. कोनी गाडीले शिव्या देते, कोनी बायकोले देते. कोनी म्हणते काल भावानं नेली होती, त्यानंच बिघडवली. अन् कोनी फोन लावून दुसऱ्याले बोलावते अन् आपण सावलीत उभा राह्यते." मी हसायचे. हा सिद्धांत माझ्यावर चालवला जाईल हे मला कुठे माहीत होतं!

माझं शिक्षण संपलं, दुर्गला एका शाळेत नोकरी लागली आणि घरात माझ्या लग्नाचं सुरू झालं. दोन स्थळं माझ्याच नकाराने फिसकटली होती. बाबा चिडले होते. रजा काढून ते रुआबांध्याला आले ते ठरवूनच, की आज दुर्गच्या मोहन नगरहून मुलगा येणार आहे, आणि यावेळी नाही म्हणायचं नाही. मुलाचे वडील बाबांच्या ओळखीचे, रेल्वेतलेच. मुलगाही रेल्वेत, सिग्नल विभागात. नाव सुधीर.

त्याचे आई-वडील ऑटोने आले आणि सुधीर त्याच्या वडिलांच्या जुन्या मोटरसायकलवर आला. मोठीआईने खिडकीतून आधी गाडी पाहिली, मग मुलगा. त्या दिवशी तिने व्हरांड्यातल्या बेसिनवर चंदनाच्या वासाच्या साबणाची नवी वडी ठेवली होती. सुधीरने हातपाय धुतले, आत येऊन बसला. पोहे देताना माझ्या हातून चमचा पडला. तो उचलायला आम्ही दोघंही वाकलो, डोकं आपटलं, आणि तो हसला. मला ते हसणं आवडलं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मोठीआईने विचारलं, "पेट्रोल-बिट्रोल भरून निघाले न बापा? आजकाल रस्त्यात पंप नाही भेटत."

"हो आंटी, आज सुबहच टंकी फुल केली," सुधीर म्हणाला.

मोठीआईच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला शंका यायला पाहिजे होती. थोड्या वेळाने ती "गाडीवर ऊन आलं, कापड टाकतो," म्हणून बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. एका हातात कापड होतं आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी. टाकी भरलेली असली की तिचा श्वास लवकर कोंडतो, हे तिच्याकडूनच मला कळलेलं होतं.

आत येऊन तिने कपाळावर हात मारला. "अगं माय, पेढे आणायचे राह्यलेच! उतईवरून आणले असते. आमच्या गाडीची क्लच केबल तुटली. जी, तुमी यांच्यासंग बसून जाता का?" केबल तुटली नव्हती. मोठे बाबा तिच्याकडे एकदा पाहून निमूटपणे उठले आणि सुधीरच्या मागे बसून गेले.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मोठीआई, काय केलं तू हे?"

"काही नाही वो. मुलगा पायायचा हाये न आपल्याले? मंग पायतो."

"ते मुलगी पाहायला आले आहेत."

"थे त्यांले वाटते," मोठीआई म्हणाली.

वाट पाहणं सुरू झालं. एकदा चहा झाला. दुसऱ्यांदा झाला. सुधीरची आई दाराकडे पाहू लागली. वडीलधाऱ्या माणसाला मागे बसवून मुलगा कुठे धडपडला तर नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबा फाटकापर्यंत जाऊन आले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडी मीच थांबवली होती. तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे नव्हते. मोठ्या बाबांकडे तर नव्हताच. मुलगा चिडून परस्पर घरी निघून गेला तर? बाबा मला काय म्हणतील, आणि खरं सांगायचं तर मलाही काय वाटेल, हे कपबशा विसळताना माझ्या लक्षात यायला लागलं. मोठीआई ओट्याशी उभी होती. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"जास्तच घासलं का वो मी?"

मी विसळलेला कप पुन्हा विसळायला घेतला. मला रडू येईल असं वाटत होतं.

आणि मग तिने मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "येऊन राह्यले," ती म्हणाली. कान देऊन ऐकत राहिली. गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा मलाही आवाज आला. "साफ चालून राह्यली," मोठीआई पुटपुटली. "अटकत नाही. म्हंजे त्यानं काढलं." तिचे डोळे मोठे झाले. आनंद झाला होता की धडकी भरली होती, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

सुधीर आला. पेढ्यांचा पुडा मोठ्या बाबांच्या हातात होता. सुधीर सरळ बेसिनपाशी गेला, वडी उचलली, नाकाला लावली आणि खाली ठेवली. मग हात धुऊन आत आला, जागेवर बसला आणि अतिशय आदराने म्हणाला, "आंटी, एक बात पूछू? हे चंदनाचं साबण कुठून आणता तुम्ही? वास काय टिकतो याचा! उतईपर्यंत गेलो तरी गया नहीं."

 मोठे बाबा तोंडात पेढा धरून छताकडे पाहत होते.

मोठीआई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तितक्याच आदराने म्हणाली, "आवडलं का बापा? जाताना एक वडी बांधून देतो."

"साबणाचं काय?" बाबांनी विचारलं.  मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबून आत पळाले, आणि सुधीरच्या आईला वाटलं मुलगी लाजली. लग्न ठरलं.

रस्त्यात काय झालं ते मला सुधीरने लग्नानंतर सांगितलं. गाडी पिंपळाच्याही अलीकडे थांबली. त्याने आधी मोठ्या बाबांना झाडाच्या सावलीत बसवलं. प्लग पाहिला, नळी पाहिली, झाकण उघडलं, फुस्स ऐकलं, बाभळीच्या काट्याने भोक साफ केलं, आणि काट्याला लागलेलं ते पांढरं काय म्हणून वास घेतला. वास त्याने आमच्याकडे हात धुतले त्याच साबणाचा होता. त्याने वळून पाहिलं तर मोठे बाबा आवाज न करता हसत होते, पोट हलत होतं.

"आमच्या घरचंच काम होय थे," ते म्हणाले. "रागावू नको बापा."

"आप को मालूम था?"

"तिनं क्लच केबल म्हटलं तवाच समजलो. केबल तं म्या परवाच बदलवली. तिचं सगळं मले माहीत राह्यते. रविवारी प्लगची टोपी ढिली करते, थेही माहीत हाये. म्या तिकडं पायतच नाही. तिलेही काही मजा पायजे न. दिवसभर एकटी राह्यते." मग त्यांनी सुधीरला चहाच्या टपरीवर नेलं. सुधीरला परतायची घाई झाली होती, घरी सगळे थांबलेले. मोठ्या बाबांनी त्याचा हात धरून खाली बसवलं आणि दुसरा चहा सांगितला. "बस. तिलेही जरासा घोर लागू दे."

मोठ्या बाबांनी आयुष्यात तिच्यावर केलेली ही एकच खोडी, आणि ती त्यांनी मला पाहायला आले त्या दिवशी करून घेतली. मोठीआईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस त्यांना नुसती भाकर आणि चटणी वाढत होती. माझ्या रुखवतात मात्र सगळ्यांत वर तिने चंदनाच्या साबणाची पेटी ठेवली, लाल रिबीन बांधून. पाहुण्यांना वाटलं, नवऱ्याकडची रीत असेल.

जावई आणि ती यांचं त्यानंतर जे जमलं, त्याला नातं म्हणावं की वैर, मला कळलं नाही. सुधीर घरी आला की गुपचूप जाऊबाईचं काहीतरी करून ठेवायचा. कधी ठिणगीच्या पॉइंटमध्ये कागदाचा कपटा, कधी नळीला घडी. मोठीआई चहा उकळेपर्यंत ते शोधून काढायची आणि कपटा त्याच्या बशीत ठेवून आणायची. निघताना आमची गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यावी लागली नाही, असा सण मला आठवत नाही. सुधीर हळूहळू घरात आमची मराठी बोलायला लागला. त्याआधी तो तीन शब्दांनंतर हिंदीत जायचा. भांडायला तिची भाषा लागते, हे त्याला कळलं असावं.

मोठे बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. गावाकडे घर दुरुस्त करून घेतलं होतं. सामान छोट्या ट्रकमध्ये चढलं. सुधीर म्हणाला, गाडीही ट्रकमध्ये टाकू, वर दोरीने बांधतो. मोठे बाबा म्हणाले, "नाही. हिच्यावर जातो आमी." सगळ्यांनी समजावलं. हायवे, ट्रकांची गर्दी, हे वय, ती गाडी.  मोठीआई आत जाऊन पाने, पक्कड, जुना प्लग आणि एक केबल पिशवीत घालून घेऊन आली आणि मागे बसली. तिवारीजी फाटकाशी उभे राहून डोळे पुसत होते. निळा धूर सोडत ती दोघं रुआबांध्याच्या रस्त्याला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती गाडीचा आवाज ऐकत होती, मला दिसत होतं.

मोठे बाबा गावी गेल्यावर फार दिवस जगले नाहीत. त्यांच्यामागे मोठीआई एकटीच होती, आणि आता तीही नाही. दोघांना शेवटचं एकत्र पाहिलं ते त्या सकाळी, असं नाही. त्यानंतरही आम्ही जात राहिलो. पण मोठीआई म्हटलं की मला त्या निघायच्या दिवशी दुपारी आलेला फोन आठवतो.

ट्रक गावात पोचला होता. ड्रायव्हरने फोन करून विचारलं, सामान कुणाच्या ताब्यात द्यायचं, बुढा-बुढी तर आलेच नाहीत. मोठीआईकडे तेव्हा मोबाइल होता, पण ती उचलत नव्हती. मी पुन्हा पुन्हा लावत होते. सुधीरने कपडे बदलले, हत्यारांचा डबा काढला आणि निघायला लागला. तेवढ्यात तिचा फोन आला.

"कुठे आहेस तू?" मी ओरडलेच.

"बाघ नदीवर. पुलाच्या खाली, गोट्यावर बसलो हाओत."

"काय झालं गाडीला? केबल तुटली? सुधीर निघतो आहे, तिथेच थांबा."

"गाडीले काही नाही झालं वो."

"मग थांबलात कावून?"

 "असेच थांबलो. यांनी म्हटलं थांबू का, म्या म्हटलं थांबा. या रस्त्यानं किती खेपा केल्या आमी. कोनाचं लग्न, कोनाची मयत, रजा संपली, चला वापस. नदी कधी पाह्यलीच नोती. चांगली हाये."

सुधीरने फोन हातातून घेतला. "मोठीआई, मी येऊ का?"

"कायले? तू येशील अन् गाडी खोलून बसशील. राह्य घरी."

तिने फोन ठेवला, म्हणजे तिला वाटलं ठेवला. तो चालूच राहिला होता. पाण्याचा आवाज येत होता. दूर पुलावरून एक ट्रक गेला. मग मोठ्या बाबांचा आवाज आला, जरा लांबून, "पाणी थंडगार हाये. ये न तूही."

"साडी भिजन."

"भिजू दे न. वाळन."

 मग कुणीतरी पाण्यात पाय टाकला, आणि मोठीआई लहान मुलीसारखी ओरडली. सुधीर माझ्याकडे पाहत होता. मी हळूच फोन बंद केला.